कलम नऊ आणि मॅडमचे पोहे

प्रिय ओव्हाळ मॅडम,

गेले तीन आठवडे मी माझे कपडे स्वतः धुतो आणि स्वतःच इस्त्री करतो आहे, आणि या अन्यायाला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. ही तक्रार पहिल्याच ओळीत नोंदवून ठेवतो. पुढं मी तुमच्याबद्दल काही बरं बोललो, तर तक्रार मागे घेतली असा कुणी अर्थ काढायला नको.

झालं असं, की तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घालायला म्हणून पांढरा झब्बा लाँड्रीत टाकला होता. तो गुलाबी होऊन आला. मी विचारलं, तर लाँड्रीवाल्यानं पावती उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं: ‘रंग गेल्यास अथवा लागल्यास दुकान जबाबदार नाही.’ दुसरा कुणी असता तर पुटपुटत घरी गेला असता. मी तुमचा विद्यार्थी! मी म्हणालो, “ही अट कपडे घेण्याआधी माझ्या नजरेला आणून दिली होती का? करार पुरा झाल्यावर मागच्या बाजूला सापडलेली अट मला बांधत नाही.”

माझ्यामागे पाच माणसं उभी होती. त्यातले एक आजोबा म्हणाले, “अहो, कोर्टात जा, नाहीतर घरी जा. पण बाजूला व्हा.”

आणि लाँड्रीवाला म्हणाला, “साहेब, मग यापुढं कपडे तुमच्या कायद्याकडंच टाका धुवायला.”

तुम्ही असतात तर माझीच कानउघाडणी केली असतीत, हे मला पायऱ्या उतरताना लक्षात आलं. “अहो, दहा वर्षं तीच पावती घेताय ना? मग अट आपल्याला माहीत होती असंच धरणार.” बरोबर आहे. खटला हरलो, लाँड्री गेली, आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या त्या सभागृहात मी एकटा गुलाबी झब्ब्यात तुमच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली. तुम्ही नुसत्या भुवया उंचावल्या असत्या. “आपण लग्नाला निघालात का?”

पण हे पत्र झब्ब्यासाठी नाही.

माझ्यासमोर टेबलावर एक चौदा पानी करारनामा पडला आहे. माझ्या निवडक विनोदी लेखांचं पुस्तक निघतंय. प्रकाशनसंस्थेतला मुलगा माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहे आणि रोज फोन करतो. “सर, फक्त साइन करून पाठवा ना. स्टँडर्ड फॉरमॅट आहे, कुणीच वाचत नाही.” मी वाचत बसलो. आठ कलमं सुखरूप पार पडली. कलम नऊ असं: ‘लेखक हमी देतो की पुस्तकातील संपूर्ण मजकूर ही त्याची स्वतःची मूळ निर्मिती असून त्यात अन्य कोणाचाही वाटा नाही.’

पेन तिथंच थांबलं, मॅडम.

कारण पुस्तकातला पहिला लेख ‘कांदेपोह्यांचा कायदा’ आहे. माझा सगळ्यात गाजलेला. संमेलनांत, महाविद्यालयांत, लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा लोकांनी माझ्याकडून वाचून घेतलेला. आणि तो माझा नाही. तुमचा आहे.

आठवतो तो तास? सदाशिव पेठेतलं आपलं कॉलेज, बी. कॉम.चं दुसरं वर्ष, सकाळी सात वीस. सात वीसला कॉमर्सचा विद्यार्थी फक्त देहानं हजर असतो. तुम्ही आलात, फळ्यावर ‘व्यावसायिक कायदा’ असं लिहिलंत आणि म्हणालात, “करार म्हणजे काय? एकानं काहीतरी देऊ करायचं. दुसऱ्यानं ते जसंच्या तसं स्वीकारायचं. दोघांनीही एकमेकांसाठी काहीतरी मोजायचं. आणि आपण काय करतोय हे दोघांना ठाऊक असायचं. झाला करार. बाकीची कलमं म्हणजे लोकांनी आजवर केलेल्या लबाड्यांची यादी आहे.”

मग मागे बघून, “अहो, शेवटच्या बाकावरचे, आपण झोपलात का?”

अठरा वर्षांच्या पोरांना तुम्ही अहो-जाहो करायचात! ‘आपण’ म्हणून झालेला अपमान दुप्पट लागतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं तीस वर्षं मी त्यावर पोट भरलं.

आणि मग पोहे आले.

“समजा, मुलीकडं पाहुणे आलेत. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली. हा प्रस्ताव आहे का?”

वर्ग खडबडून जागा झाला.

“नाही. हे प्रस्तावाचं निमंत्रण आहे. दुकानाच्या काचेत साडी लावतात, चिठ्ठीवर किंमत लिहितात, म्हणून दुकानदार ती विकायला बांधला जात नाही. गिऱ्हाईक आत येऊन ‘ही द्या’ म्हणतं, तो प्रस्ताव. पोह्यांनी कुणी बांधलं जात नाही.”

मागून कुणीतरी विचारलं, “आणि मॅडम, पाहुण्यांनी पोहे खाल्ले तर?”

“तर त्यांना भूक होती, एवढंच सिद्ध होतं.”

“दुसऱ्यांदा मागून घेतले तर?”

तुम्ही खडू हातात फिरवत क्षणभर खरोखर विचार केलात. “तर वर्तनातून स्वीकृती दिली, असा युक्तिवाद करता येईल. पण पोह्यांपुरती. मुलीची नाही.”

“मुलगा म्हणाला, पसंत आहे, पण मुलीनं नोकरी सोडायला हवी?”

“मग ती स्वीकृती नव्हेच. अट घातली की तो नवीन प्रस्ताव. आधीचा तिथंच संपला. आता मुलीनं ठरवायचं.”

तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आणि ‘कळवतो’ म्हणून गेले आणि कळवलंच नाही तर?”

“तर काही नाही. गप्प राहणं म्हणजे स्वीकृती नव्हे. आणि नकार कळवलाच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही.”

मग तुम्ही स्वतःबद्दल एक वाक्य बोललात. तुमच्याही घरी एकदा असेच ‘कळवतो’ म्हणून गेलेल्या पाहुण्यांबद्दल. जेमतेम सात-आठ शब्दांचं. वर्ग कोसळला हसून. तुम्हीही हसलात आणि फळा पुसायला वळलात. फळा पुसायला तुम्ही नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ घेतलात, हे मी पाहिलं. पाहिलं आणि वहीत वाक्य तेवढं उतरवून घेतलं.

ते वाक्य मी इथं लिहीत नाही.

खरं तर त्या वर्षी मला वहीत काही लिहायचा हक्क आहे की नाही, हाच प्रश्न होता. तुम्हाला आठवत असेलच. पण सांगू द्या, मला उजळणीची गरज आहे.

आदल्या वर्षी, सतरा वर्षांचा असताना, मी भाऊसाहेबांच्या तावडीत सापडलो होतो. भाऊसाहेब म्हणजे गणपतीत मंडळांना आणि एरवी सोसायट्यांना विनोदी कार्यक्रम पुरवणारे गृहस्थ. लिहायचो मी, सादर करायचे ते स्वतःच्या नावावर, आणि मला टाळ्या ऐकू येतील इतक्या अंतरावर उभं राहू द्यायचे. एकदा ते घरी आले आणि एक स्टॅम्पपेपर पुढं केला. “औपचारिकता रे. घरचाच आहेस तू.”

मी कागद वाचायला घेतला. शेजारी बसलेले माझे वडील खालच्या आवाजात म्हणाले, “असं समोर बसून वाचू नये. त्यांना काय वाटेल?”

आमच्या घरात हीच रीत होती, मॅडम! वडीलधाऱ्या माणसानं पुढं केलेला कागद वाचणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. ‘कुठं करू?’ एवढंच विचारायचं आणि सही ठोकायची. सहीच्या जागेखेरीज कागदावर कुठंही नजर न जाऊ देणं, यालाच आम्ही सुसंस्कृतपणा म्हणत होतो. मीही सुसंस्कृतपणे सही केली. पुढच्या दहा वर्षांत मी जे जे विनोदी लिहीन ते सगळं भाऊसाहेबांचं, असं त्यात होतं. मोबदला: ‘आजवर दिलेले प्रेम व प्रोत्साहन’.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या अंकात माझा एक लेख निवडला गेला. भाऊसाहेबांना कळलं. निरोप आला: लेख मागे घे, तो माझा आहे, नाहीतर कोर्टात खेचीन. कोर्ट हा शब्द ऐकून वडिलांना घाम फुटला. “देऊन टाक त्यांना सगळं. तुला काय करायचंय लिहून? कॉमर्स करतोयस ना?” मी कबूल झालो. पुन्हा लिहायचंच नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, एका लेखाचा प्रश्न होता.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही शिकवलंत: अठरा वर्षं पूर्ण न झालेल्यानं केलेला करार मुळातच रद्दबातल. मोडलेला नव्हे. जन्मालाच न आलेला.

तास संपल्यावर मी तुम्हाला जिन्यात गाठलं. “मॅडम, समजा ‘अ’ नावाची एक व्यक्ती आहे. तिनं ‘ब’ नावाच्या...”

“‘अ’चा कागद कुठाय?” तुम्ही म्हणालात.

तो माझ्या दप्तरातच होता. तुम्ही जिन्यात उभ्या उभ्या सगळा वाचलात. पुढून, मागून, स्टॅम्प विकणाऱ्याच्या शिक्क्यासकट. मुलं धक्के देत जात होती. मग तुम्ही चष्मा काढलात आणि पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलंत.

“सही करण्याआधी वाचला का नाहीस?”

“समोर वाचणं बरं दिसलं नसतं.”

तुम्ही कागदाची घडी घातलीत. मग आवाज न चढवता म्हणालात, “माझ्या आजोबांचा अंगठा होता एका कागदावर. वाचून दाखवा म्हणायची सोय नव्हती त्यांना. राहतं घर गेलं त्यात. आमच्या घरात माणसं शिकली ती नुसती नोकरीसाठी नाही. पुढचा कागद तरी घरातल्या कुणीतरी आधी वाचावा, म्हणून. आणि तुला वाचता येत असून लाज वाटली?”

मॅडम, त्यानंतर मी औषधाच्या बाटलीबरोबरचा चिटोरासुद्धा वाचतो. फ्लॅट घेताना करारातून बाल्कनी गायब झालेली मी पकडली. मेव्हण्याचा जामीनदार होताना वाचला कागद, आणि झालो नाही. मेव्हणा अजून बोलत नाही. हाही फायदाच म्हणायचा! पण या सगळ्याहून मोठं काय मिळालं, तर माणसाला मान खाली घालायला न लावता त्याचा कागद वाचता येतो, हे कळलं. भाऊसाहेबांच्या खोलीत तुम्ही ते दाखवलंत.

तुम्ही स्वतः आलात माझ्याबरोबर. काय गरज होती तुम्हाला? परीक्षेत येणारा प्रश्न नव्हता तो.

“मॅडम, हा आमचा घरगुती मामला आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“घरगुती आहे तर स्टॅम्पपेपर कशाला?”

“त्यानं स्वखुशीनं सही केलीय. विचारा त्याला.”

“त्या दिवशी त्याचं वय काय होतं?”

“असेल की वीसेक. चांगली मिशी होती.”

“कायदा मिशीवर वय ठरवत नाही, दाखल्यावर ठरवतो.” आणि तुम्ही माझा शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर ठेवलात. नुसता ठेवला नाहीत, त्यांच्याकडं तोंड करून सरळ ठेवलात.

भाऊसाहेब हुशार माणूस. लगेच म्हणाले, “हरकत नाही. आता झाला ना अठरा? खाली लिहू दे, ‘मला हे मान्य आहे’, आणि करू दे परत सही.”

“जो करार झालाच नाही, तो मान्य कसा करणार? हवा तर नवीन करा. तो करेल सही, पूर्ण वाचून. फक्त आधी मोबदला लिहा.”

“लिहिलाय की. प्रेम आणि प्रोत्साहन.”

“प्रेम चालतं कायद्याला,” तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात. “पण जवळचं नातं लागतं, लेखी लागतं, आणि नोंदणी करावी लागते. आपण कोण त्याचे? काका की मामा?”

मी खिडकीकडं बघत होतो, कारण मला हसू आवरत नव्हतं. भाऊसाहेबांनी रागानं कागद उचलला आणि फाडायला घेतला. तुम्ही हात पुढं केलात. “फाडू नका. वर्गात दाखवायला हवाय मला.”

त्यांनी तो टेबलावर टाकला. निघताना मात्र ते मला हळूच म्हणाले, “लिहीत राहा रे.” बहुधा त्यांनाही ते मनापासून वाटत होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्यासारखाच होता, हे मला आत्ता या वयात समजतंय.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, “हा कागद वर्गात दाखवू का? नाव झाकीन.”

“दाखवा की, मॅडम!”

“असं उपकाराखाली दबून हो म्हणू नको. उद्या सांग.”

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हाच तुम्ही माझ्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलीत. आता बघा, माझ्याच मूर्खपणाचा कागद, आणि तो वापरण्यासाठी तुम्ही मला रात्रभराची मुदत दिलीत.

मी तुम्हाला किती दिली?

पाच-सहा वर्षांनी एका दिवाळी अंकासाठी लेख हवा होता. वही काढली. प्रस्ताव, निमंत्रण, दुसऱ्यांदा मागितलेले पोहे, सगळं होतंच. मी त्याला आत्या, मामा, वाटी-चमचा असं सगळं जोडलं. शेवटी ते तुमचं वाक्य घातलं, एका कल्पित मुलीच्या तोंडी. हशा त्या वाक्यालाच यायचा. प्रत्येक वेळी, न चुकता.

तुम्हाला विचारावं असं मनात आलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. आलं होतं. तुमच्या घरापर्यंत गेलोही होतो. मग वाटलं, नाही म्हणाल्या तर? आणि परत फिरलो.

एकदा तुम्ही कार्यक्रमाला आला होतात. तिसऱ्या रांगेत. मी पोहे वाचले, सभागृह हसलं. नंतर भेटलात आणि म्हणालात, “वाचतोस छान.” बस. पुढं एक शब्द नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, मॅडम काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नाही!

गप्प राहणं म्हणजे स्वीकृती नव्हे, हे ज्या तासाला शिकलो, त्याच तासातून मी चोरी केली होती. असा विद्यार्थी तुम्हाला दुसरा मिळाला होता का हो?

आणि तुम्ही का नाही बोललात? एकदा तरी झापायचं होतंत. लाँड्रीवाला बोलला, रांगेतले आजोबा बोलले, तुम्ही नाही. हा माझा तुमच्यावरचा एकमेव राग आहे. त्यातही मला अर्थ दिसतो: मी स्वतः येऊन विचारीन, याची तुम्ही मुदत देत होतात. उद्या सांग, परवा सांग. मी पंचवीस वर्षं लावली, आणि मुदत संपली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमची भाची प्रज्ञा भेटली. निवृत्तीनंतर तुम्ही वाघोलीच्या मुलांना शिकवायला जाताना जी पिशवी न्यायचात, ती तिनं दाखवली. पट्टी लावलेला माझा कागद आत होता, चार घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. मी गहिवरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “मावशी तुमचं पोह्यांचं रेकॉर्डिंग लावायची आम्हाला. सगळे जण हसायचो. शेवट आला की मात्र पॉज करायची.”

“का?”

“म्हणायची, पुढचं मला पाठ आहे.”

तीस वर्षं शब्दांवर जगलेला माणूस मी, गुलाबी झब्ब्यात, तो कागद घडी घालून परत पिशवीत ठेवत होतो.

घरी येऊन मी तुमच्याच कायद्यानं स्वतःचा बचाव करून पाहिला. तुम्ही माझा कागद वापरलात, मी तुमचे पोहे वापरले. मोबदल्याला मोबदला, फिटंफाट! छान वाटलं. साधारण चहाचा एक कप संपेपर्यंत टिकलं. मग लक्षात आलं, तुम्ही विचारलं होतंत. आणि माझं नाव झाकलं होतंत, मला लाज वाटू नये म्हणून. मी तुमचं झाकलं, ते मात्र टाळ्या मला मिळाव्यात म्हणून.

म्हणून आता काय केलं ते सांगतो.

प्रज्ञाला फोन केला. लेखाचा मोठा भाग मावशींचा आहे, तसं छापून तो पुस्तकात ठेवू का, असं विचारलं. वारस म्हणून नाही, तुमच्या घरातलं माणूस म्हणून. ती म्हणाली, “लगेच नाही सांगत. उद्या सांगते.” मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “ठेवा. पण पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘आमच्या मॅडम’ असं नको.”

प्रकाशनसंस्थेतल्या मुलाला सांगितलं, कलम नऊ आहे तसं मी मान्य करू शकत नाही. आणि लेखाचा शेवट काढतोय.

“सर, पण पंच तोच आहे! लोक त्याच्यासाठी तर थांबतात.”

“तो माझा नाही.”

“मग कुणाचा आहे? त्यांची परमिशन घेऊ ना आपण.”

“उशीर झाला.”

पोरगा आहे, पण मूर्ख नाही. “वरती विचारून सांगतो,” म्हणाला. दोन दिवस काही कळवलं नाही. कागदात बदल करून पाठवला की तो नवीन प्रस्ताव होतो आणि समोरच्याला तो नाकारण्याचा पूर्ण हक्क असतो, हे मला माहीत होतं, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. पुस्तक गेलं असंच मी धरून चाललो होतो. आज दुपारी त्याचा फोन आला, “चालेल सर. तुमच्या हातानं लिहा, शेजारी आम्ही पण सही करतो.”

तुम्ही एका अठरा वर्षांच्या मुलाला त्याचं लिहिणं परत मिळवून दिलंत. त्यानंतर मी लिहिलेली प्रत्येक ओळ त्या दाखल्यामुळं आहे, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण विनोदी लेखकानं आभार मानले तर लोकांना ते पुढच्या विनोदाची तयारी वाटते. आज मानतो. यापुढं काही येत नाही.

आणि एक वचन देतो. मोबदला नाही, नोंदणी नाही, त्यामुळं कायद्याच्या दृष्टीनं त्याला काडीची किंमत नाही, हे जाणून देतो. यापुढं ते पोहे कुठंही वाचले, तर आधी तुमचं नाव घेईन, आणि तुम्ही जिथं थांबवत होतात तिथंच थांबेन. आणि कुणाचं काही उचलावंसं वाटलं तर त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणार नाही. बेल वाजवीन.

आपला विद्यार्थी,
सुहास

ता. क. पत्र बंद करण्याआधी ते काम उरकलं. मुद्रिताच्या पानावरच्या शेवटच्या ओळी काढल्या. कलम नऊच्या समासात लिहिलं: ‘‘कांदेपोह्यांचा कायदा’ या लेखातील कल्पना व उदाहरणे प्रा. विमल ओव्हाळ यांची.’ सगळी चौदा पानं पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.